पाणी बदललं आणि डोकं उगवलं: हायड्राच्या पेशीगोळ्यांचं एक प्रकरण

सकाळी साडेआठला लॅब उघडली तेव्हा डिशमध्ये एकही गोळा उरला नव्हता. तळाशी पांढरट-गुलाबी गाळ होता आणि डिश जराशी हलवली की तो ढगासारखा उठत होता. आदल्या दुपारी याच डिशमध्ये आम्ही वीस गोळे मोजून सोडले होते. विद्यार्थिनीने मायक्रोस्कोपमधून वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सर, सगळे मेले का?"

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी, ती प्राणिशास्त्राची आणि तो फिजिक्सचा, प्रकल्पासाठी एकत्र आले होते. प्राणिशास्त्राच्या मॅडम आणि मी असे दोघे मार्गदर्शक. प्रश्न सोपा वाटावा असा होता: एका प्राण्याच्या सगळ्या पेशी सुट्या केल्या आणि पुन्हा एकत्र आणल्या, तर त्या आपापली जागा कशी शोधतात? हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात आमचं जे चुकलं त्यातूनच ऊती कशा बांधल्या जातात याचं भौतिकशास्त्र उलगडत गेलं.

हायड्राच का

हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यात, पाणवनस्पतींच्या पानांखाली चिकटून राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा जीव. खाली चिकटणारं पाऊल, मध्ये नळी, वर तोंड आणि तोंडाभोवती भक्ष्य पकडणारे, सोंडेसारखे शुंडके. नळीची भिंत पेशींच्या दोनच थरांची, आणि त्या थरांमध्ये एक पातळ पडदा. त्याचे तुकडे केले तर तुकड्यांतून नवे हायड्रा होतात हे अब्राहम ट्रेम्बले यांनी १७४४ मध्येच छापून सांगितलं होतं. १९७२ मध्ये आल्फ्रेड गीरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी हायड्रा पार सुट्या पेशींपर्यंत मोडला, पेशींचा गोळा केला, आणि त्या गोळ्यातून काही दिवसांत हायड्रा उभा राहिला.

पुण्याला हा प्राणी परका नाही. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि 'हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे' या नावाचा इथला वाण शास्त्रीय लिखाणात नोंदलेला आहे. आपल्या शहराचं नाव लावणारा प्राणी हाताळतोय याचं विद्यार्थ्यांना फार अप्रूप होतं. मलाही होतं.

डिसेंबर-जानेवारीची थंडी कामी आली. हायड्राला १८ ते २० अंश मानवतात. एप्रिलमध्ये आमच्या लॅबमध्ये हे काम करायचं धाडस मी केलं नसतं. नळाचं पाणी मात्र चालत नाही, क्लोरीन आणि तांब्याचा अंश त्याला मारतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात मोजून मीठं घालून 'हायड्रा मीडियम' करायचं. खायला आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या इवल्याशा जीवाची, नुकती उबवलेली पिल्लं.

पेशी सुट्या करणं

हे काम हाताचं आहे. काचेच्या पाश्चर पिपेटचं टोक बर्नरच्या ज्योतीत क्षणभर फिरवून गुळगुळीत करायचं, नाहीतर काचेची धार पेशी चिरते. दोन दिवस उपाशी ठेवलेले तीस-चाळीस हायड्रा विलगीकरणाच्या द्रावणात घ्यायचे. हे द्रावण साध्या मीडियमपेक्षा बरंच दाट असतं. त्यात विरघळलेले कण लिटरला सुमारे ७० मिलिऑस्मोल. मग पिपेटने सावकाश आत-बाहेर, आत-बाहेर. फेस येऊ द्यायचा नाही. पंधरा-वीस वेळा झालं की प्राण्याचा आकार जातो, मग तुकडे जातात, आणि शेवटी पाणी फक्त गढूळ दिसतं. न मोडलेले तुकडे तळाला बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी बारीक नळ्यांमध्ये भरायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू फिरवायचं. नळीच्या टोकाला पेशींचा इवलासा गोळा बसतो. नळी उलटी करून तो डिशमध्ये सोडायचा. आमचे गोळे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होते.

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. पुढचा निर्णय माझा होता.

पहिली फेरी

मॅडमनी लिहून दिलेल्या पद्धतीत गोळे चार तासांनी निम्म्या दाटीच्या द्रावणात आणि दुसऱ्या दिवशी साध्या मीडियममध्ये न्यायचे असं होतं. मी म्हटलं, प्राणी गोड्या पाण्यातलाच आहे ना, मग थेट साध्या मीडियममध्ये सोडू, विद्यार्थ्यांची संध्याकाळ वाचेल. मॅडम त्या दिवशी परीक्षेच्या कामात होत्या. मुलांनी माझं ऐकलं. सकाळी गाळ मिळाला.

चूक कुठे झाली हे कळायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. अख्खा हायड्रा तळ्यात राहतो, पण त्याची पेशी तळ्यात राहत नाही. बाहेरच्या थरातल्या पेशीची फक्त एक बाजू पाण्याला लागते. शेजारणींशी तिची घट्ट शिवण असते आणि त्या शिवणीतून पाणी सहज आत शिरत नाही. आम्ही सगळ्या शिवणी उसवल्या होत्या. गोळ्यातली प्रत्येक पेशी चहूबाजूंनी पाण्याला उघडी होती.

आता आकडा पाहा. पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाटीतला ७० मिलिऑस्मोलचा फरक दाबात मांडला तर सुमारे १.७ वातावरण येतो, म्हणजे साधारण १७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. पाच मजली सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळात जो जोर असतो, जवळपास तेवढा. वनस्पतीच्या पेशीला कडक भित्तिका असते, ती हे पेलते. प्राण्याच्या पेशीला नुसतं पटल. पाणी आत शिरत राहतं, पेशी टम्म फुगते आणि फुटते. गोळे मेले ते आजाराने नव्हे, विषानेही नव्हे. ते पाण्याने फुटले.

दुसरी फेरी: गोळे देखणे, डोकं नाही

या वेळी सगळे फारच सावध होते. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आता दाट द्रावणातून काढायचेच नाहीत." मलाही पटलं. मॅडमनी एकदा आठवण करून दिली की पद्धतीत तसं नाही, पण पहिल्या दिवसाचा गाळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आणि गोळे काय सुरेख झाले! सुरुवातीला गोळा ओबडधोबड, सगळीकडून सारखाच मळकट गुलाबी. गुलाबी रंग आर्टेमियाचा. पचन करणाऱ्या आतल्या थराच्या पेशींत तो राहतो, बाहेरच्या थराच्या पेशी जवळपास रंगहीन असतात. त्यामुळे फ्लुरोसंट रंग परवडत नसतानाही आम्हाला दोन्ही जाती वेगळ्या ओळखता येत होत्या. तीन-चार तासांत कडा गुळगुळीत झाल्या. संध्याकाळी कडेला काचेसारखी पारदर्शक रेघ दिसू लागली. दुसऱ्या सकाळी बाहेर स्वच्छ पारदर्शक कडं आणि आत गुलाबी गाभा, अगदी वेगवेगळे. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं की तू बाहेर जा, तू आत जा.

इथे मी वर्गात तासभर थांबलो होतो, इथेही थोडा थांबतो. वरणावर तेलाचे बारीक थेंब जवळ येऊन मोठा थेंब होतो, तो पृष्ठताणामुळे. द्रवाचे रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून उघडा पृष्ठभाग जितका कमी तितकं ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त. पेशींचा समूहही, तासांच्या मापाने पाहिलं तर, द्रवासारखाच वागतो: पेशी एकमेकींवरून सरकतात, शेजार बदलतात आणि समूह गोल होतो. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणांतल्या सुट्या पेशी अशा वेगळ्या होताना दाखवल्या. १९६३ मध्ये माल्कम स्टाइनबर्ग यांनी त्याला भौतिकशास्त्राची भाषा दिली: ज्या पेशी आपसात जास्त घट्ट धरतात त्या आत जातात, ज्या कमी धरतात त्या त्यांना वेढतात. म्हणजे जास्त पृष्ठताणाचा द्रव आत, कमीचा बाहेर.

हे नुसतं रूपक नाही. कोंबडीच्या भ्रूणातल्या ऊतींचे गोळे दोन काचांमध्ये दाबून त्यांचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला गेला आहे. पाय-पंख जिच्यातून वाढतात त्या कळीतल्या ऊतीचा सुमारे २० मिलिन्यूटन प्रति मीटर, हृदयाचा साडेआठच्या आसपास, यकृताचा साडेचारच्या वर, डोळ्याच्या दृष्टिपटलाचा दीडच्या जरा पुढे. (पाण्याचा ७२.) आणि दोन ऊती मिसळल्या तर कोण कुणाला वेढतं हा क्रम नेमका याच आकड्यांच्या उतरंडीने लागतो. मला हा निकाल फार प्रिय आहे. जिवंत हृदयाच्या पेशी आणि यकृताच्या पेशी, आणि त्यांचं एकमेकींशी वागणं ठरवणारा एक आकडा, जो बारावीच्या पुस्तकातल्या सूत्रात बसतो.

हायड्रात आतल्या थराच्या पेशी आपसात जास्त जोराने धरतात, हे पेशींच्या जोड्या ओढून मोजलेलं आहे. म्हणून गुलाबी आत, पारदर्शक बाहेर. फक्त 'चिकटपणा' या शब्दाने इथे फसायला होतं. मी स्वतः बराच काळ डिंकाचं चित्र डोक्यात ठेवून हा विषय समजत होतो. पेशीच्या पटलाखाली ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांच्या धाग्यांची ताणलेली जाळी असते आणि ती पेशीला गोल ठेवायला बघते. दोन पेशी जिथे भिडतात तिथे ही जाळी सैल पडली की त्यांचं स्पर्शक्षेत्र पसरतं. झेब्राफिश या लहान माशाच्या भ्रूणपेशींवरच्या २०१२ च्या कामात दिसलं की स्पर्श किती पसरणार हे मुख्यतः या ताणाच्या फरकावर ठरतं. चिकटवणारे रेणू दोन्ही पेशींच्या जाळ्या एकमेकींना बांधून ठेवतात. म्हणजे डिंकाला महत्त्व आहेच, पण पेशी स्वतःच स्वतःला किती आवळून धरते यालाही तितकंच, किंबहुना जास्त.

असो. आमचे गोळे वर्गीकरणात पहिल्या नंबराने पास झाले आणि तिथेच अडले. तिसरा दिवस, चौथा, पाचवा. गोल, गुळगुळीत, दोन थरांचे, आणि मठ्ठ. शुंडके नाहीत, तोंड नाही. पाचव्या दिवशी द्रावण धुरकट झालं.

मॅडम म्हणाल्या जिवाणू झालेत; द्रावणात ग्लुकोज आहे, व्हायचेच. मी म्हटलं गोळे फुगतच नाहीयेत, तिथे काहीतरी आहे. दोघांचंही म्हणणं त्या एका डिशवरून खरं-खोटं ठरण्यासारखं नव्हतं. दाटी वेगळी, मीठं वेगळी, जिवाणू वेगळे. एका वेळी तीन गोष्टी बदललेल्या. विद्यार्थ्याने वहीत लिहिलं होतं, "निष्कर्ष: डोकं उगवत नाही." मॅडमनी ते खोडून लिहिलं, "निष्कर्ष काढता येत नाही." त्यांचंच बरोबर होतं.

तिसरी फेरी

आता नीट आखणी केली. सगळे गोळे एकाच घोळातले. सुरुवातीला दाट द्रावण, चार तासांनी निम्मं, दुसऱ्या सकाळी साधं मीडियम, म्हणजे मॅडमची मूळ पद्धत जशीच्या तशी. तोवर बाहेरचा थर अखंड झालेला असतो, शिवणी पुन्हा बसलेल्या असतात, आणि तेच साधं पाणी आता गोळ्याला मारत नाही. एकही गोळा विरघळला नाही. पहिल्या फेरीचं कोडं तिथेच मिटलं.

दुसऱ्या दिवशी १२-१२ गोळ्यांच्या दोन डिश केल्या. एकात साधं मीडियम. दुसऱ्यात तेच मीडियम, फक्त १०० मिलिलिटरला २.४ ग्रॅम सुक्रोज (साधी साखर), म्हणजे पुन्हा सुमारे ७० मिलिऑस्मोलची भर, पण मीठं तीच. प्रतिजैविकं दोन्हींत सारखी आणि रोज पाणी बदलायचं, म्हणजे जिवाणूंचा मुद्दा निकालात.

विद्यार्थ्याने मायक्रोस्कोपच्या नेत्रिकेवर फोन बांधला आणि दर पाच मिनिटांनी फोटो घेतला. नंतर ते फोटो भिंतीवर प्रोजेक्टरने टाकून पट्टीने व्यास मोजले, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. साध्या डिशमधल्या गोळ्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा आला: चार-सहा तास हळूहळू चढ, मग एका झटक्यात उतार, पुन्हा चढ. एका फोटोत उतार नेमका सापडला. गोळ्याच्या एका बाजूने काही पेशी आणि धुरकट पाण्याची पिचकारी बाहेर पडत होती. पुढच्या फोटोत गोळा आक्रसलेला, भोक बुजलेलं.

याचं कारण हायड्राच्या रोजच्या जगण्यात आहे. तळ्याचं पाणी त्याच्या पेशींत सतत शिरत असतं. त्या क्षार आत पोकळीत सोडतात, मागोमाग पाणी जातं, आणि साठलेलं पाणी प्राणी तोंड उघडून बाहेर टाकतो. पोट हेच त्याचं मूत्राशय म्हणा. गोळ्याला तोंडच नाही. पाणी भरत राहतं, भिंत ताणत राहते.

भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. फुगताना त्रिज्या वाढते आणि भिंतीत पेशी तेवढ्याच असल्याने जाडीही घटते, त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे दाब तोच राहिला तरी ताण त्रिज्येच्या घनाने वाढतो. गोळा सव्वापट झाला की ताण जवळपास दुप्पट. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा जिथे पातळ तिथेच उसवतो आणि वाफ निघते, तसंच. फरक एवढाच की हा पापुद्रा जिवंत आहे. तो काही मिनिटांत स्वतःला शिवून घेतो.

साखरेच्या डिशमधल्या गोळ्यांचा आलेख सपाट होता. बाहेर-आत दाटीचा फरक उरला नव्हता, म्हणून पाणी शिरत नव्हतं, म्हणून फुगणंही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी विद्यार्थिनीने मला वर्गातून बोलावून नेलं. साध्या डिशमधल्या एका गोळ्यावर दोन बारीक उंचवटे होते. संध्याकाळपर्यंत ते चार झाले, मधोमध टोकदार भाग वर आला. सहाव्या दिवशी त्या डिशमधल्या निम्म्याहून जास्त गोळ्यांना शुंडके होते. साखरेच्या डिशमध्ये एकालाही नाही. सातव्या दिवशी साखरेतले जिवंत गोळे साध्या मीडियममध्ये हलवले, आणि त्यातल्या काहींना पुढे डोकी आली. म्हणजे ते मरणपंथाला लागले नव्हते, थांबून होते.

आम्हाला जे दिसलं त्याला मोठ्या प्रयोगशाळांचा आधार आहे. करवतीच्या दात्यांचं हे फुगणं-फुटणं मोजलं गेलं आहे. गोळ्याचा अक्ष ठरला, तोंड झालं, की ते लहान आणि जलद होतं. आमच्या आलेखातही तसंच झालं. आणि २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका गटाने दाखवलं की हे ताणलं जाणंच डोकं घडवणाऱ्या डब्ल्यूएनटी-३ या जनुकाच्या कामाला हातभार लावतं. बाहेरची दाटी वाढवून फुगणं थांबवलं तर डोकं होत नाही. त्या आधी २००० साली हेही दिसलं होतं की पाच ते पंधरा पेशींचा पुंजका गोळ्यात डोक्याचं केंद्र सुरू करायला पुरतो. बारा गोळ्यांवरून आम्ही काही सिद्ध केलं असा दावा मी करणार नाही. पण रसायन एकटंच डोकं ठरवतं आणि पाणी फक्त पाणी असतं, ही समजूत घेऊन मी या प्रकल्पात आलो होतो, आणि ती आता माझ्याकडे नाही.

हेच करू पाहणाऱ्या शिक्षकांना दोन गोष्टी सांगतो. पाणी बदलण्याची वेळ घड्याळावर ठरवू नका. पारदर्शक कडं अखंड दिसेपर्यंत दाटी पूर्ण उतरवू नका, आणि ते दिसल्यावर मात्र दिवसेंदिवस दाट द्रावणात ठेवू नका. दुसरं, विद्यार्थ्यांना फोटो हातानेच मोजू द्या. सॉफ्टवेअरने ते काम पाच मिनिटांत झालं असतं, पण तो पिचकारीचा क्षण आमच्या विद्यार्थ्याला पट्टी लावतानाच सापडला.

साध्या डिशमधल्या एका गोळ्याला दोन डोकी आली, समोरासमोर नाही, शेजारी-शेजारी, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. तुकड्यातून वाढणाऱ्या हायड्राला मूळ प्राण्याच्या ॲक्टिनच्या धाग्यांची दिशा वारशाने मिळते. आमच्या गोळ्यांतले सगळे धागे मोडलेले होते, त्यामुळे वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना नव्याने ठरवायचं होतं, आणि याने ते दोनदा ठरवलं. प्रकल्प जमा झाल्यावरही विद्यार्थिनी रोज डबा खायच्या आधी त्याला आर्टेमिया घालायला यायची. एका तोंडाने एक पिल्लू पकडलं की दुसरे शुंडके दुसऱ्याकडे वळायचे, आणि दोन्ही घास खाली एकाच नळीत उतरताना गुलाबी दिसायचे.